सन्मान, संकोच आणि ‘आप’

अनपेक्षित सन्मान वाट्यास आला असता, आपण त्यास पात्र नाही या जाणिवेने मन बावरते. या अवस्थेसाठी चिनी भाषेत ‘शोऊ छुंग रुओ जिंग’ असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. ‘कृपा होताच जणू दचकणे’ हा त्याचा शब्दार्थ होय. त्यामागील विचार लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या १३ व्या प्रकरणात आढळतो. कृपा व अपमान दोन्ही सारखीच भयकारक होत, कारण कृपा स्वीकारणारा खालच्या जागी उभा असतो, असे तेथील प्रतिपादन आहे. कालांतराने हा वाक्प्रचार विनयाचा द्योतक झाला. परंतु ज्याला सन्मान मिळण्याचा संभव असतो, त्यालाच असा विनय शोभतो. पिढ्यान्‌पिढ्या एकेरी हाकच ऐकावी लागलेल्या समाजात अपात्रतेची भावना हा विनय नसून वरून लादलेले ओझे असते.

या दृष्टीने तत्कालीन पश्चिम खानदेशातील, म्हणजे १९९८ मध्ये निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या प्रदेशातील, एक चळवळ विचारार्ह ठरते. तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात सामुदायिक आरतीची प्रथा सुरू केली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले व बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालविले. मद्यत्यागाचा उपदेश या परिसरास नवा नव्हता. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेतील देवी-चळवळीनेही तोच केला होता. मोरवडचे वैशिष्ट्य एका शब्दात आहे. अनुयायी परस्परांस ‘आप’ म्हणून संबोधीत व ‘आपकी जय’ असा घोष करीत.

‘आप’ व मराठी ‘आपण’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेले आहेत. दुसऱ्याचा आदर ज्या शब्दाने होतो, तो मुळात ‘स्वतः’चाच वाचक होता. अनुयायांना ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याची आवश्यकता नव्हती. त्यांच्या आचरणात तिचा आशय उतरला होता. येथे सन्मान वरून मिळत नव्हता. तो समानांमध्ये दिला व घेतला जात होता. कृपा करणारा कोणी वर नसल्यामुळे दचकण्याचे कारणही उरत नव्हते.

अर्थात केवळ संबोधनाने गमावलेली जमीन परत मिळत नाही. जमीन व मजुरी यांचे प्रश्न १९७२ मध्ये शहाद्यात स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेला हाती घ्यावे लागले. तथापि हक्क मागण्यापूर्वी आपण हक्कास पात्र आहोत ही जाणीव असावी लागते. ‘आप’ या संबोधनाचे ऐतिहासिक महत्त्व त्या जाणिवेत शोधावे लागेल.