ढेपळाखालची पोथी

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात रांग लावून लोक 'बुक ऑफ केल्स' ही पोथी पाहतात आणि माघारी जातात. माझं ऐकाल तर आधी पोथीच्या गावी या. मीथ परगण्यातल्या केल्सला उतरा आणि चढ चढून चर्चच्या आवारात शिरा.

समोर दगडी गोल मनोरा आहे, कळस नसलेला. मान मागे टाकून वरच्या खिडक्या मोजा. अशा मनोऱ्यांना बहुधा चार असतात, इथे पाच आहेत. शेजारी एक अर्धवट क्रूस उभा आहे. त्याच्यावरून हात फिरवा. शिल्पासाठी राखलेले चौकोनी उंचवटे कोरेच राहिलेत, क्रुसावरच्या येशूची आकृती तेवढी दगडातून निम्मी बाहेर आलीय. पूर्ण झालेले क्रूसही इथे आहेत, पण मी दर वेळी याच्याचपाशी रेंगाळतो. कारागिराचा हात इथेच दिसतो.

हात तसाच राहू द्या. क्रूस विरतो, मनोरा विरतो. साल 807. टेकडीवर नव्या मठाचं बांधकाम चाललंय. बांधणारी माणसं स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठातली. गेल्याच वर्षी व्हायकिंगांनी तिथे 68 जणांना कापून काढलं. आयोनाला सुरू झालेली पोथी इथे पुढे लिहिली गेली असावी, असं अभ्यासक मानतात. एका साधूच्या पाठीमागे जाऊन उभे राहा, पण उजेड अडवू नका.

त्याच्यापुढे वासराचं कातडं आहे, चुन्यात भिजवून, ताणून, खरवडून पातळ केलेलं. शाईत मायफळ आहे. हो, बाळगुटीत उगाळतात तेच, बलुताच्या झाडावर किडीमुळे धरणारी गाठ. पिसाची लेखणी बुडते, अक्षर उमटतं. मग तो पिवळा रंग घेतो आणि पान सोन्यासारखं उजळतं. सोनं मात्र नाही, हरताळ आहे! आपल्याकडे पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ फासत; वाक्प्रचार तिथूनच आला. इथे त्याच हरताळानं सोन्याची उणीव भरून काढलीय. मला या माणसाचं नाव जाणून घ्यायला फार आवडलं असतं. त्यानं ते कुठेही लिहिलं नाही.

दोनशे वर्षं पुढे या. 1007, रात्र. दगडी चर्चच्या पश्चिमेकडच्या खोलीतून, आयोनाचा मठ स्थापणाऱ्या संत कोलम किलेची थोर शुभवर्तमान-पोथी चोरीला जाते. आयरिश बखरीत ही नोंद आहे, आणि ती याच पोथीची असावी असं मानलं जातं. चोरांना हवं होतं वेष्टनावरचं सोनं. दोन महिने आणि वीस रात्री सरतात. गाव शोधत राहतं.

आणि एके दिवशी गवताचं एक ढेपळ उचललं जातं. वाका, जवळून पाहा. सोनं उचकटून नेलंय. कातडी पानांना ओल लागलीय. त्यांतलं एक हळूच उलटा. मातीच्या वासातून हरताळाचा पिवळा रंग वर येतो, लखलखीत.