मिठावरचें कुंपण

विलायतेंतील जुन्या वाड्यांचीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना तेथील बागांतून भिंतीसारखीं उभीं असलेलीं हिरवींगार कुंपणें आठवतील. हीं कुंपणें बहुधा ‘यू’ नांवाच्या सदाहरित झाडाचीं असतात. हें झाड सावकाश वाढतें, पानें दाट धरतें, आणि कात्री कितीही चालवा, जुन्या लांकडालाही पुन्हां धुमारे फुटतात. या गुणामुळें माळ्यांनीं त्याचे मोर केले, मनोरे केले, बुद्धिबळांतील सोंगट्या केल्या. इंग्लंडमधील लेव्हन्स हॉल येथील अशी बाग सतराव्या शतकाच्या अखेरीस आंखलेली असून अद्याप तिची निगा राखली जाते. एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं, या झाडाचा पाला विषारी आहे. गुरांच्या तोंडीं तो लागूं देत नाहींत.

याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयांत आहे; गढवालाकडे त्याला थुनेर म्हणतात. परंतु आमच्या खानदेशांत, जेथें वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथें या थंड मुलखांतल्या पाहुण्याचा निभाव लागावयाचा नाहीं. आमचें कुंपण मेंदीचें, करवंदीचें, शेराचें, निवडुंगाचें. झाडें कातरून आकार देण्याची हौस पाहावयाची असेल तर मुंबईस मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानांत जावें. पाण्याच्या टाक्यांवर १८८१ च्या सुमारास रचलेल्या या बागेंत पानांचे प्राणी उभे आहेत, आणि मुलें त्यांच्याकडे पाहून हरखून जातात.

तथापि आज मला सांगावयाचें आहे तें शोभेच्या कुंपणाविषयीं नाहीं. आपल्या देशांत एके काळीं असें एक कुंपण होतें कीं त्याच्यापुढें विलायतेंतील सर्व कुंपणें एकत्र केलीं तरी खेळणीं वाटावींत. त्याचें एक टोंक सिंधु नदीच्या कांठीं लेय्या येथें, आणि दुसरें टोंक आमच्या बोदवडापासून सुमारें साठ किलोमीटरवर, तापीकांठच्या बऱ्हाणपुराशीं होतें. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एक ओळही मिळालेली नाहीं. आम्ही मुलांकडून पानिपतच्या तिन्ही लढायांच्या तारखा घोकून घेतल्या. पण शेजारच्या या आश्चर्याचा उल्लेख त्या पुस्तकांत नव्हता.

हें कुंपण मिठासाठीं होतें. इंग्रजी अंमलांत मिठावरील कर सर्व इलाख्यांत सारखा नव्हता. १८६९ नंतर उत्तर हिंदुस्थानांत मणामागें तीन रुपये, तर मुंबई आणि मद्रास इलाख्यांत एक रुपया तेरा आणे असा भाव होता. आतां एखाद्या कुटुंबास वर्षाला अर्धा मण मीठ लागतें असें धरलें तर उत्तरेकडील माणूस दीड रुपया कर भरी, आणि आमचा खानदेशी माणूस साडेचौदा आणे. फरक साडेनऊ आण्यांचा. आज हा हिशेब क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या मजुराला तो तसा वाटत नव्हता. म्हणून स्वस्त मीठ महाग मुलखांत चोरून नेण्याचा मोह पडे. पाठीवरून गोण्या नेत, कुंपणावरून पोतीं पलीकडे फेंकीत, उंटांना कुंपण फोडून पार घालीत. तें थांबविण्यासाठीं सरकारनें जकातीची रेषा आंखली. ऐन भरांत, म्हणजे १८६९ साली, ही रेषा सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर सुमारें बारा हजार माणसें राबत होतीं.

प्रथम हें कुंपण वाळलेल्या कांट्यांचें होतें. शेताला वई घालणाऱ्या कोणाही कुणब्याला विचारा, वाळल्या कांट्यांचें आयुष्य किती तें तो सांगेल. वाळवी खाई, वणवा लागे, वावटळींत कांटे उडून जात. एका मैलाला सुमारें अडीचशें टन कांटे लागत, आणि ते पुन्हां पुन्हां दुरून ओढून आणावे लागत. १८६७ साली अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे या खात्याचे कमिशनर झाले, आणि त्यांनीं ठरविलें कीं, कुंपण जिवंतच असलें पाहिजे. ह्यूमसाहेब पक्ष्यांचे मोठे अभ्यासक. निरीक्षणाची संवय अंगीं मुरलेली. कोणत्या मातींत, किती पावसांत कोणतें कांटेरी झाड धरतें, याचे त्यांनीं प्रयोग करविले. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर हीं सगळीं आपल्या ओळखीचीं झाडें निवडलीं गेलीं. जेथें माती वाईट तेथें चर खणून चांगली माती भरली. पूर येई तेथें बांध घालून त्यावर झाडें लावलीं. पाण्यासाठीं विहिरी खोदल्या आणि कडेनें रस्ता केला. चांगलें धरलेलें कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद होई. १८७८ साली रेषा आंखडून सुमारें दीड हजार मैलांची उरली होती. तींत सुमारें ४११ मैल उत्तम जिवंत कुंपण होतें, बाकी कोठें मिश्र, कोठें सुकें, आणि सहा मैल दगडी भिंत.

माळीकाम म्हणून पाहिलें तर याची तारीफ करावी तेवढी थोडी. परंतु इतकी विद्या, इतकें पाणी, इतके कष्ट, आणि हें सारें कशासाठीं? तर गरिबाच्या भाकरीवर चिमूटभर मीठ स्वस्त पडूं नये यासाठीं. याच ह्यूमसाहेबांनीं पुढें १८८५ साली मुंबईंत राष्ट्रीय सभेची स्थापना होण्यांत पुढाकार घेतला, हें पाहिलें म्हणजे मनुष्यस्वभावाविषयीं घाईनें मत देऊं नये असें वाटतें.

कुंपण मोडलें तें दयेनें नव्हे. १८७० साली सरकारनें जयपूर-जोधपूरकडून सांभर सरोवर भाडेपट्ट्यानें घेतलें. मिठाचें उगमस्थानच हातीं आल्यावर वाटेवर पहारा ठेवण्याची निकड कमी झाली. त्याच साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग भुसावळ-बऱ्हाणपुरावरून सलग झाला, आणि लमाणांच्या बैलांचे तांडे हळूहळू मागें पडले. रेषा उठवावयाची तर दोन्ही बाजूंचा कर जवळजवळ सारखा करणें भाग होतें. तो सारखा कसा केला, हें आम्हां दक्षिणेच्या लोकांनीं विसरूं नये. उत्तरेचा कर थोडा उतरविला. मुंबई-मद्रासचा मात्र १८७८ च्या आरंभीं एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर नेला. म्हणजे मणामागें अकरा आणे वाढ, आणि तीही १८७६ पासूनच्या मोठ्या दुष्काळानें दख्खन होरपळलेली असतां! १ एप्रिल १८७९ रोजीं रेषा उठली. लेय्या ते बऱ्हाणपूर कुंपण गेलें, आणि त्याची भरपाई बऱ्हाणपुराच्या दक्षिणेकडल्या चुलींनीं केली. १८८२ साली बहुतेक सर्वत्र दोन रुपयांचा कर झाला, तेव्हां कोठें थोडा हलकेपणा आला. पण जुन्या भावापर्यंत तो तेव्हांही उतरला नाहीं.

पहारा गेल्यावर झाडांना कोण विचारतो? सरपणासाठीं तीं तुटलीं, शेतें पुढें सरकलीं, कित्येक ठिकाणीं त्या बांधांवरूनच रस्ते झाले. रॉय मॉक्सहॅम नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं जुन्या नकाशांच्या आधारें उत्तरेकडे पुष्कळ भटकंती केली, तेव्हां १९९८ साली इटावा जिल्ह्यांत त्यांना कांटेरी झाडें माथ्यावर घेतलेला मातीचा एक बांध सांपडला. २००१ साली त्यांनीं या शोधावर पुस्तक लिहिलें.