नमस्कार कोणाचा, जोहार कोणाचा?

सभेत, आकाशवाणीवर, सरकारी पत्रात 'नमस्कार' हा शब्द आज इतका सरसकट वापरला जातो की, त्याला जात असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. 'नम्' म्हणजे वाकणे. त्यापासून नमस्, आणि ते करणे म्हणजे नमस्कार. व्युत्पत्ती एवढी सरळ आहे. पण कोणी कोणापुढे वाकायचे आणि कोणत्या शब्दाने वाकायचे, हे व्युत्पत्ती सांगत नाही. ते समाजव्यवस्था ठरवते.

पेशवाईत पुण्याच्या सोनारांनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसायला आणि एकमेकांना 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ब्रह्मवृंद खवळला. शब्द आमचा, तुम्ही तो उच्चारायचा नाही, असा हा वाद होता. तो मुंबईपर्यंत पोचला आणि १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना 'नमस्कार' वापरण्याची मनाई केली. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात हे प्रकरण नोंदवले आहे. साहेबाच्या राज्यात सर्वांना समान न्याय मिळाला असे मानणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. आणि हे सोनारांचे झाले, जे गावात राहत होते, ज्यांच्या हातचे दागिने देवाच्या अंगावर चढत होते! वेशीबाहेरच्या माणसाने 'नमस्कार' म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हा भेद पेशव्यांनी शोधून काढला नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातले त्र्याऐंशीवे सूत्र पाहा. अभिवादनाला उलट आशीर्वाद देताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवावा, म्हणजे तीन मात्रांचा प्लुत करावा, असे ते सांगते. मात्र समोरचा शूद्र असेल तर नाही. पुढे वार्तिककाराने या अपवादात स्त्रियांनाही आणून बसवले. एका स्वराच्या लांबीचाही हिशेब! आपण व्याकरणाला शुद्ध शास्त्र म्हणून शिकतो आणि शिकवतो. वर्गात हे सूत्र आले की, अपवादावर कोणी थांबत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य विचारावे असे चार वेगळे शब्दच नेमून दिले आहेत. शूद्राचे आरोग्य का, हे उघड आहे. त्याने राबायचे होते. अतिशूद्राला काय विचारावे याची तरतूद नाही, कारण त्याला काही विचारायचेच नव्हते.

आपल्या वाट्याला आला तो 'जोहार'. मूळचा हा शब्द काही हीन नव्हे. झारखंडात संताळ, मुंडा, हो आजही एकमेकांना ताठ मानेने जोहार करतात. तुलसीदासांच्या रामचरितमानसात मात्र कोल-किरात भेटी पुढे ठेवून रामाला जोहार करताना दिसतात. म्हणजे तिथे तो खालून वर जाऊ लागलेला आहे. महाराष्ट्रात त्याच्यापुढे 'मायबाप' चिकटले आणि तो महाराच्या गळ्यात बांधला गेला. चोखोबांच्या नावावरच्या अभंगांत तो आहे, नाथांनी महाराच्या तोंडी घातलेल्या भारुडांत तो आहे. तिथे निदान तो विठ्ठलाच्या दारात उभा राहून अध्यात्म सांगतो. गावात तो पाटलाच्या वाड्यासमोर, अंतर राखून, वाकून म्हणायचा असे. त्याला उत्तर मिळत नसे, काम मिळत असे. जोहार आणि वतन ही एकाच दोरीची दोन टोके होती. म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते जोहाराच्या मुळावरही होते, असे मला वाटते. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली १९५८ साली. तोंडातून जोहार त्याआधीच गळू लागला होता.

त्याच्या जागी 'जयभीम' आला. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी तो एकोणीसशे तीसच्या दशकात रूढ केला. मुसलमानांच्या सलामाला जसे ठरलेले उत्तर असते तसे आपल्यातही असावे, म्हणून प्रथम 'जयभीम'ला 'बलभीम' हे उत्तर त्यांनी योजले होते, असे सांगतात. नंतर दोन्ही बाजूंनी 'जयभीम'च राहिला. हरदास पस्तिशीतच गेले. नागपूर-कामठीतून १९३७ साली विधिमंडळावर निवडून आलेला हा माणूस आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही.

अभिवादनाचा इतिहास अभिवादनापेक्षा त्याच्या उत्तरात शोधावा, असे मला यातून दिसते. पाणिनीचा अपवाद उत्तराविषयी आहे. जोहाराला उत्तरच नव्हते. 'जयभीम'चे उत्तर मात्र 'जयभीम'; वडील म्हणो की लेकरू, मंत्री म्हणो की हमाल, स्वर तोच आणि मात्राही तेवढ्याच. प्राध्यापकांच्या खोलीत मी 'जयभीम' म्हणालो की, काही सहकारी अगदी हसतमुखाने 'नमस्कार, नमस्कार' म्हणतात. त्यांच्या मनात काही वाईट असतेच असे नाही. पण परवा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, गुड मॉर्निंगला ते गुड मॉर्निंगच म्हणतात ना?"