‘बिलीव्ह’ गीतातील आवाज : एका साक्षीची तपासणी

समकालीन साक्ष हे इतिहासाचे प्रथम साधन होय; परंतु साक्षीदाराचा हेतू पारखल्यावाचून ती ग्राह्य धरता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील एक उदाहरण पाहू. १९९८ साली अमेरिकन गायिका शेर हिचे ‘बिलीव्ह’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्यातील स्वर जागोजागी एकदम पायरी बदलतो. हा परिणाम व्होकोडरचा आहे, असे निर्माते मार्क टेलर यांनी १९९९ साली ‘साउंड ऑन साउंड’ मासिकास सांगितले. होमर डडली यांनी बेल प्रयोगशाळेत वाणीच्या प्रेषणासाठी सिद्ध केलेल्या या यंत्रात उच्चाराची घडण तेवढी वक्त्याची राहते. नाद दुसऱ्याच उगमाचा असतो. ‘बिलीव्ह’मध्ये मात्र नादही गायिकेच्याच कंठातला आहे, लोपली आहे ती दोन स्वरांमधील मींड. हे लक्षण १९९७ साली निघालेल्या ‘ऑटो-ट्यून’चे होय. ‘ऑटो-ट्यून’ हे प्लग-इन, म्हणजे संगणकावरील मुद्रणाच्या प्रणालीस जोडावयाची उपप्रणाली. भूगर्भातील तरंगांचे अभ्यासक अँडी हिल्डेब्रँड यांनी ती रचली. बेसूर स्वर हळूच सुधारणे हा तिचा हेतू. सुधारणेस लागणारा काळ शून्यावर आणला की स्वर उडी घेतो. व्होकोडरची कथा व्यवसायातील गुपित राखण्यासाठी होती, हे पुढे उघड झाले. तात्पर्य, ध्वनिमुद्रणाच्या इतिहासकाराने निवेदन वाचावे. पण निर्णय देण्यापूर्वी मुद्रिका ऐकावी.