तिळगूळ वाटणे (बालप्रथा)

मकरसंक्रांतीच्या दिवशी, विशेषतः सायंकाळी, लहान मुलांनी ओळखीच्या घरी जाऊन तिळगूळ देणे व घेणे ही महाराष्ट्रातील एक रूढ प्रथा आहे. बोलीभाषेत तिला ‘तिळगूळ वाटायला जाणे’ असे म्हणतात, तर काही ठिकाणी ‘तिळगूळ मागायला जाणे’ असेही म्हणतात. वाटणे आणि मागणे हे एरवी परस्परविरुद्ध शब्द येथे एकाच कृतीसाठी वापरले जातात, कारण मूल आपल्या डब्यातील तिळगूळ देते आणि त्याच हाताने समोरच्याचा घेते. कोणत्या घरी जायचे, कोणत्या क्रमाने जायचे आणि किती दूरवर जायचे हा निर्णय वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात गावाची वसाहत, घराघरांतील संबंध आणि मुलांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. या लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या अनुषंगाने या प्रथेचा विचार केला आहे.

काळ

मकरसंक्रांत सौर गणनेनुसार येत असल्याने ती बहुधा १४ जानेवारीस असते. काही वर्षी ती १५ जानेवारीस येते, जशी २०२३ व २०२४ साली आली. आदल्या दिवशी भोगी व दुसऱ्या दिवशी किंक्रांत असते. तिळगूळ देण्याघेण्याची मुदत मात्र संक्रांतीलाच संपत नाही. ती माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत चालते. संक्रांत सौर आणि रथसप्तमी चांद्र तिथीची, त्यामुळे ही मुदत दरवर्षी कमीजास्त होते. २०२४ साली रथसप्तमी १६ फेब्रुवारीस आल्याने तब्बल महिनाभर अवधी मिळाला, तर २०२६ साली ती २५ जानेवारीस आल्याने जेमतेम अकरा दिवस हाती राहिले. सर्व घरे एकाच संध्याकाळी उरकण्याची घाई अनेक पालक करतात, ती या मुदतीचा विसर पडल्यामुळे. या भागात जानेवारीच्या मध्यास सूर्यास्त साधारण सव्वासहाच्या सुमारास होतो. शाळा सुटल्यानंतर मुलांच्या हाती उजेडाचा फार तर तास-दीड तास उरतो.

स्वरूप

घरी देवापुढे तिळगूळ ठेवल्यावर मुले प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना तो देऊन पाया पडतात. नंतर नवे कपडे घालून, हातात छोटा डबा किंवा अलीकडे प्लॅस्टिकची बरणी घेऊन बाहेर पडतात. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणून उजव्या हाताने तिळगूळ द्यायचा आणि तळहात पुढे करून घ्यायचा, एवढाच विधी आहे. डब्यात तिळाची वडी, तिळाचा लाडू, काटेरी हलवा असे प्रकार जमतात. हलवा घरी करणे चिकाटीचे काम आहे. मंद आचेवर तीळ किंवा साबुदाणा हलवीत त्यावर साखरेच्या पाकाचे थेंब सोडीत राहिल्याशिवाय त्याला काटा येत नाही. त्यामुळे आज बहुतेक घरांतून बाजारचाच हलवा दिला जातो. मुलांची प्रतवारी मात्र पक्की असते. खमंग वडी मिळणारे घर सर्वांना ठाऊक असते आणि तेथे एखादे मूल टोपी बदलून दुसऱ्यांदाही जाते. चार दाणे हलवा हातावर टेकवणारे घर परतीच्या वाटेसाठी राखून ठेवले जाते.

याच काळात पाच वर्षांखालील मुलांचे बोरन्हाण करतात. हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व गोळ्या ओततात आणि जमलेली मुले ते वेचतात. एखाद्या आळीत बोरन्हाण असेल, तर त्या संध्याकाळी तिळगूळ वाटणाऱ्या मुलांचा मोर्चा साहजिकच तिकडे वळतो.

घरांची निवड

जुना क्रम असा आढळतो : स्वतःचे घर, भावकी, शेजार, शिक्षक आणि मग इतर ओळखीची घरे. या क्रमात आवडीनिवडीला फारसे स्थान नव्हते, मान कोणाचा आधी हे महत्त्वाचे होते. मुलांची स्वतःची निवड वेगळी असते. ती खाऊ पाहून, कुत्रा आहे की नाही हे पाहून आणि सोबतचे सवंगडी पाहून ठरते.

सर्वांत विचार करण्यासारखा प्रश्न वगळल्या जाणाऱ्या घरांचा आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू, वाण आणि सुगडाची देवघेव परंपरेने सवाष्णींपुरती मर्यादित होती. विधवा स्त्रीला त्यात स्थान नव्हते. तिळगुळाला मात्र असे बंधन कधीच नव्हते. स्त्री-पुरुष, सवाष्ण-विधवा, मोठा-लहान, आपला-परका कोणीही तो देऊ शकतो व घेऊ शकतो. त्यामुळे वाणाचे ताट ज्या उंबऱ्यावरून परत फिरत असे, त्या उंबऱ्यातून आत जाणारी संक्रांतीची एकच गोष्ट म्हणजे मुलांचा तिळगूळ. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. त्यानंतर काही गावांतून विधवा स्त्रियांना हळदीकुंकवास बोलावले जाऊ लागले आहे. परंतु जेथे हे घडलेले नाही, तेथे मुलांना कोणत्या घरी न्यायचे हे ठरवणाऱ्या पालकाच्या हाती आजही बरेच काही असते.

वर्षभरात मृत्यू झालेल्या घरी सण साजरा करीत नाहीत व तिळगूळही करीत नाहीत. अशा घरी मुलांना नेऊ नये असा समज आहे. तो पूर्णतः बरोबर म्हणता येणार नाही. अशा घरी शेजाऱ्यांनी सणाचे पदार्थ पोचवण्याची रीत आहेच. मुलांना आधी समजावून सांगितले की येथे द्यायचे, परतीची अपेक्षा धरायची नाही, तर अडचण येत नाही. बांधावरून किंवा भाऊहिश्श्यावरून अबोला असलेले घर हा आणखी एक प्रकार. ‘गोड बोला’ या शब्दांचा अर्थ तेथेच कसाला लागतो. मोठ्या माणसांना जे पाऊल उचलणे जड जाते, ते पुष्कळदा लहान मुलाला पुढे करून उचलले जाते.

शिरूर व दौंड तालुक्यांतील परिस्थिती

शिरूर हे तालुक्याचे गाव घोड नदीच्या काठी, पुणे–अहिल्यानगर महामार्गावर असून लोक त्यास घोडनदी असेही म्हणतात. दौंड हे भीमेच्या काठचे रेल्वे जंक्शन आहे. मुंबई–सोलापूर लोहमार्गाला मनमाडकडून येणारा मार्ग येथे मिळतो. दोन्ही तालुक्यांत संक्रांत म्हणजे ऐन ऊसतोडणीचा व गाळपाचा हंगाम. दौंड तालुक्यात केडगाव व आसपासच्या गावांत गुऱ्हाळांची मोठी संख्या आहे. म्हणजे तिळगुळातील गूळ येथल्या मुलांना दुकानात दिसण्याआधी काहिलीत उकळताना दिसतो. गुऱ्हाळावर गेलेल्या मुलाच्या हातावर गरम काकवी किंवा ताज्या गुळाचा खडा ठेवल्याशिवाय त्याला परत पाठवीत नाहीत.

जिरायती काळात येथील वस्ती गावठाणात एकवटलेली होती. घोड, चासकमान व कुकडी प्रकल्पांचे पाणी शिरूर तालुक्यास आणि खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्यास मिळू लागल्यावर ऊस वाढला व कुटुंबे आपापल्या शेतात राहावयास गेली. एका गावाच्या दहा-पंधरा वाड्यावस्त्या झाल्या. गावठाणात तासाभरात चाळीस घरे होतात. वस्तीवर तेवढ्याच वेळात चार घरे होतात आणि त्यांच्यामधली वाट उसातून जाते. अशा ठिकाणी निवड दोहोंपैकी एकाची करावी लागते. एक तर संध्याकाळी मुलांना दुचाकीवर घेऊन गावठाणात यायचे, नाहीतर भावकीच्या दोन-तीन घरांवर समाधान मानायचे. दिवसा शाळेत व अंगणवाडीत होणारे तिळगूळ वाटप ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते.

शहरी भागात अडचणी निराळ्या आहेत. लोहमार्गामुळे दौंड शहराचे दोन भाग पडले असून त्यांना जोडणारी कुरकुंभ मोरी वर्दळीची आहे. त्यामुळे लहान मुलांची फेरी सहसा लोहमार्गाच्या अलीकडेच संपते. रेल्वे वसाहत, राज्य राखीव पोलीस बलाच्या वसाहती आणि कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रामुळे या शहरात निरनिराळ्या प्रांतांची व धर्मांची कुटुंबे शेजारी राहतात. शिरूर तालुक्यात रांजणगाव औद्योगिक क्षेत्रामुळे कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर परिसरात विदर्भ-मराठवाड्यातून व परराज्यांतून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. या मुलांना गावात भावकी नसते, त्यामुळे जुन्या क्रमातील पहिली सर्व घरे त्यांच्यापुरती गळून जातात. घरमालकाचे घर आणि शाळेतील बाई एवढाच त्यांचा फेरा असतो. उसाच्या फडालगत कोप्या करून राहणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले तर गावाच्या फेरीत फारच क्वचित सामील होतात. साऱ्या राज्याची साखर ज्यांच्या आईबापांच्या कोयत्यावर अवलंबून, त्यांच्या हातावर संक्रांतीला हलवा पडत नाही. एखाद्या शाळेतील मुले डबे घेऊन कोप्यांवर जातात, तेव्हा ही उणीव त्या दिवसापुरती भरून निघते.

सुरक्षितता

शिरूर तालुका वनविभागाच्या जुन्नर विभागात मोडतो. या विभागात बिबट्यांचा वावर मोठा आहे. बिबट्या उसात आसरा घेतो, तेथेच पिले वाढवतो आणि तोडणी सुरू झाली की विस्थापित होऊन वस्तीच्या आसपास दिसू लागतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड–जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तीन जणांचे प्राण गेले. अशा गावांत संध्याकाळी मुलांना वस्ती-वस्तीवर पायी पाठवणे हा प्रथेचा भाग मानण्याचे कारण नाही. रथसप्तमीपर्यंतच्या मुदतीत एखाद्या रविवारी सकाळी ही फेरी करता येते आणि त्याने प्रथेत काहीही उणे येत नाही. संध्याकाळीच जायचे असल्यास मोठ्या माणसांची सोबत व विजेरी असावी, मुले घोळक्याने व बोलत चालावीत, एखादे मूल मागे रेंगाळू देऊ नये.

दुसरा धोका रस्त्यावरचा. जानेवारीत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्यांकडे रात्रंदिवस जात असतात. त्यांतील कित्येकांच्या मागे परावर्तक पट्ट्याही नसतात. पडलेला ऊस वेचण्यासाठी ट्रॉलीमागे धावण्याचा मोह मुलांना आवरत नाही, म्हणून महामार्ग व कारखान्याचा रस्ता ओलांडावा लागेल अशी घरे मुलांच्या स्वतंत्र फेरीतून वगळावीत. शिवाय हलव्याचे टणक दाणे व अख्खे शेंगदाणे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. त्याच्यासाठी मऊ वडीच बरी.

इतर प्रथांशी साम्य

मुलांनी घरोघर जाण्याच्या प्रथा महाराष्ट्रात इतरही आहेत. दसऱ्याला मुले आपट्याची पाने देत फिरतात. दिवाळीत गुराख्यांची मुले दिवा घेऊन गोठ्यागोठ्यांतील गुरांना ओवाळीत आणि त्यांना फराळ व पोस्त मिळे. पंजाबात लोहडीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मुले गाणी म्हणत घरोघर मागत फिरतात.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला मुले सोंगे घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटे मागतात. तेथे ही प्रथा १९३० च्या दशकात पसरली, दुसऱ्या महायुद्धातील साखरेच्या नियंत्रणामुळे मंदावली आणि युद्धानंतर पुन्हा फोफावली. मुलांना कोणत्या वस्तीत न्यायचे हा प्रश्न तेथील पालकांपुढेही असतो. त्याचे एक साधे उत्तर तेथे रूढ आहे : ज्या घराच्या ओसरीवरचा दिवा लागलेला असेल तेथेच जायचे. काही ठिकाणी एखाद्या वाहनतळावर मोटारींच्या डिक्क्या उघडून त्यांतूनच खाऊ वाटतात, म्हणजे अनोळखी दारी जावे लागत नाही. आपल्याकडे दिव्याची खूण नाही, उघडे दार हीच खूण. दोन्ही प्रथांतील मुख्य भेद असा की हॅलोविनला मूल केवळ घेते, संक्रांतीला आधी देते. पुण्या-मुंबईच्या काही मोठ्या गृहसंकुलांत आता दोन्ही होतात. त्यात वावगे काही नाही, मात्र जिन्यातील शेजाऱ्यांची नावे मुलांना दोन्ही वेळा ठाऊक नसावीत, ही खेदाची गोष्ट आहे.

परदेशातील मराठी कुटुंबे

परदेशी मराठी मंडळांतून संक्रांत बहुधा जानेवारीतील एखाद्या शनिवारी-रविवारी सभागृहात साजरी होते. त्यामुळे घरोघर जाण्याचा भाग गळून पडतो आणि एकाच दालनात सर्वांना तिळगूळ दिला जातो. अमेरिकेतील मराठी मुलांची घरोघर फिरण्याची हौस हॅलोविनला भागते. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आल्याने अनेक घरांत सकाळी अभ्यंगस्नान व संध्याकाळी सोंगे असा बेत झाला. तिळगूळ शाळेत वाटू इच्छिणाऱ्या पालकांनी एक बाब ध्यानात ठेवावी. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची गणना प्रमुख ॲलर्जीकारक अन्नपदार्थांत होते, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख करणे सक्तीचे आहे. म्हणून वर्गशिक्षकांची परवानगी घेतल्यावाचून तीळ असलेला पदार्थ मुलाच्या डब्यातून वाटण्यासाठी पाठवू नये. तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी साबुदाण्याचा हलवा वेगळ्या भांड्यात करून वेगळा ठेवता येतो.