औषध, विष आणि एक विकर : कपाशीच्या पट्ट्यातला इतिहास

आपल्या खानदेशात दुकानात जाऊन 'कीटकनाशक द्या' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'कपाशीवर मारायचं औषध द्या' असंच म्हणतात. दवाखान्यातल्या बाटलीत असतं ते औषध आणि पाठीवरच्या पंपात असतं तेही औषधच. हे दोन अर्थ शरीरात ज्या ठिकाणी एकमेकांना भिडतात, तिथे एक विकर म्हणजे एन्झाइम आहे. आज आपण त्याचा इतिहास पाहू.

सुरुवात बेडकाच्या हृदयापासून करू. १९२१ साली ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी एका हृदयाची मज्जा उत्तेजित केली, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचं द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे मज्जेचा निरोप रसायनाने पोचतो. ते रसायन म्हणजे असेटिलकोलिन. त्याबद्दल लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

पण निरोप पोचला की तो पुसावाही लागतो, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे पुसण्याचं काम असेटिलकोलिनएस्टरेज हे विकर करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. त्याच्या खाचेत सेरिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. निरोपाचा तुकडा तिथे क्षणभर चिकटतो आणि सुटतो.

त्याच १९३६ साली जर्मनीत गेरहार्ट श्राडर नवं कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती लागलं टॅबून, आणि ते माणसाला इतकं घातक निघालं की लष्कराने ताब्यात घेतलं. शेतीत आली ती त्याची सौम्य भावंडं : पॅराथिऑन, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस. या सगळ्यांना ऑर्गनोफॉस्फेट म्हणतात.

ही रसायनं करतात काय? सेरिनवर फॉस्फेटचा गट बसवतात. खरं तर प्रथिनावर फॉस्फेट बसणं ही पेशीतली रोजची गोष्ट आहे. दिव्याचं बटण चालू-बंद करावं, तशी पेशी प्रथिनांवर फॉस्फेट चढवते आणि उतरवते. हे उलगडल्याबद्दल फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं. फरक इतकाच, की इथे बटण बाहेरच्याने दाबलेलं असतं आणि ते वर करणारं पेशीकडे कुणी नसतं. मग घाम, लाळ, टाचणीएवढ्या बाहुल्या, पोटात कळा, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास अडकणं. अळीत आणि आपल्यात हे विकर जवळजवळ सारखंच काम करतं, म्हणून फवारा दोघांना लागू पडतो.

आता कपाशीकडे येऊ. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा संकरित वाण आला. संकरित वाण, भरपूर खत, हिरवीगार पानं. त्यामागोमाग कीड आणि कीडीमागोमाग पंप. धोका दिसत नव्हता असं नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेलं धान्य-पीठ खाऊन शंभरावर माणसं गेली होती. त्यातूनच १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, बोंडअळीवरच्या फवारण्या काही वर्षं घटल्या, आणि गुलाबी बोंडअळीने प्रतिकार कमावल्यावर पंप पुन्हा पाठीवर आला. २०१७ मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो जण रुग्णालयात गेले आणि वीसच्या आसपास दगावले.

उतारा नाही का? आहे. अॅट्रोपिन विकराला हात लावत नाही, ते निरोप घेणारं दार बंद करतं. त्यानेच बहुतेक जीव वाचतात. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला अर्विन विल्सन यांनी प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे डॉक्टर ज्याला 'पॅम' म्हणतात, ते शोधलं. ते सेरिनवरून फॉस्फेट उपटून काढतं. पण त्याला वेळेचं बंधन आहे. फॉस्फेट बसलेलं विकर हळूहळू 'म्हातारं' होतं आणि मग पॅमचा उपयोग नाही. मोनोक्रोटोफॉसच्या गटात साधारण पावणेचार तासांत निम्मं विकर हातचं जातं. क्लोरपायरिफॉसच्या गटात तेहतीस तास मिळतात. चोपडा किंवा शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यावरून जळगाव किंवा धुळ्याला पोचायला किती वेळ लागतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

यावर महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात, बारामतीत झाला. २००६ च्या 'लॅन्सेट'मध्ये डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवरचा प्रयोग छापला. पॅमचा जास्त मात्रेचा सलग डोस दिलेल्यांत मृत्यू १ टक्का, थांबून थांबून दिलेल्यांत ८ टक्के. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या प्रयोगात मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत. बारामतीतले रुग्ण लवकर पोचलेले होते आणि अतिदक्षतेची चांगली सोय होती. विष कुठलं, किती, आणि पोचायला किती वेळ, यावर सगळं ठरतं.

म्हणूनच आम्हाला वाटतं, खरी लढाई दवाखान्याआधीची आहे. हेच विकर आपल्या तांबड्या पेशींवरही असतं. तिथे म्हातारं झालेलं विकर नव्या पेशी आल्याशिवाय परत येत नाही. भरपाई दिवसाला सुमारे १ टक्का. आठवड्याने पुन्हा पंप उचलला, तर मागची तूट तशीच असते. माणूस म्हणतो, 'मला काही होत नाही,' आणि एका दिवशी थोड्याशा फवाऱ्याने कोसळतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी मजुरांच्या रक्तात हे विकर मोजतात. ते त्या माणसाच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आलं की त्याला त्या कामावरून बाजूला करतात.

ही तपासणी साध्या रक्ताची आहे. हंगामाआधी एकदा, हंगामात एकदा, हे आपल्याकडे मागता येईल. तोवर एकाच माणसाने रोज पंप धरू नये, ओले कपडे लगेच बदलावेत, अंग साबणाने धुवावं. आणि त्रास झालाच, तर रुग्णासोबत बाटली किंवा तिचं लेबल न्यावं. पावणेचार तास आहेत की तेहतीस, हे डॉक्टरला त्या लेबलवरूनच कळतं.