उमेदवारी : कचेरीतील अलिखित नियमांचे शिक्षण आणि त्याचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

'शिकाऊ उमेदवार' हा शब्दप्रयोग आज शासकीय परिपत्रकांत, कारखान्यांच्या फलकांवर आणि महाविद्यालयांच्या सूचनापत्रांत सर्रास आढळतो. १९६१ च्या केंद्रीय अधिनियमाचे मराठी नावही 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असेच आहे. 'उमेदवार' हा शब्द फार्सीतून आलेला असून 'आशा धरून असणारा' हा त्याचा मूळ अर्थ होय. एकोणिसाव्या शतकातील मराठीत चाकरीच्या आशेने कचेरीत राबणाऱ्या तरुणास हे नाव मिळाले. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही नोकरीची वाट पाहणारा याच अर्थाने तो नोंदलेला आहे. (निवडणुकीच्या रिंगणातील उमेदवार ही या शब्दाची पुढची पिढी, आशा तेथेही विपुल असते.) पगार नाही, पद नाही, परंतु कामाची रीत शिकण्याची मुभा आहे, अशी ही अवस्था होती. ही रीत कोणास शिकता येत असे आणि कोणास येत नसे, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. नोकरीची दारे कोणासाठी उघडी होती याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दार उघडल्यानंतर आत बसून शिकण्याची जागा कोणास मिळाली, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली आहे.

दफ्तर, कित्ता आणि मायना

पेशवाईतील पुण्याचे हुजूर दफ्तर ही त्या काळातील मोठी कार्यालयीन संस्था होती. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील १९२३ च्या ग्रंथात तेथील कारकुनांची संख्या दोनशेहून अधिक दिली आहे. या दफ्तरात शिरणाऱ्या मुलाने प्रथम हात बसवावा लागे. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली शक्य तितका बोरू न उचलता अक्षरे सोडावयाची, ही सवय कित्ता गिरवून गिरवूनच अंगी येत असे. शाई वाळूने टिपणे, कागदाच्या घड्या घालणे, प्रकरणवार गठ्ठे रुमालात बांधणे ही कामेही शिक्षणाचाच भाग होती.

तथापि अक्षर ही केवळ पहिली पायरी होती. पत्राचा मायना चुकला तर सुंदर अक्षराचा काही उपयोग नसे. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' हा मायना कोणास, नुसते 'राजश्री' कोणास, 'साष्टांग नमस्कार' कोठे आणि 'आशीर्वाद' कोठे, हे ठरविताना लिहिणाऱ्यास समाजातील उतरंड तोंडपाठ असावी लागे. मजकूर संपल्यावर पुढे कोणी भर घालू नये म्हणून 'लेखनसीमा' हा शिक्का, योग्य ठिकाणी 'मोर्तब सूद', नोंद झाल्याची 'बार' ही खूण, हे सारे उत्तरदायित्वाचे नियम होते. शासकीय कचेऱ्यांत टिकून राहिलेला 'बारनिशी' हा शब्द त्याच कुळातील दिसतो. कोणत्या कागदावर कोणाची निशाणी आधी व कोणाची नंतर, एका अधिकाऱ्याच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर कशी राहते, हे नवशिक्यास पाहून पाहून कळत असे.

यांपैकी काही गोष्टी ग्रंथबद्धही झाल्या होत्या. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर चालणारे 'मेस्तक' हे कारकुनांसाठीचे मार्गदर्शक टाचण होय. त्याच्या उपलब्ध पोथ्या हेमाद्रीच्या काळानंतरच्या असल्या तरी लेखकवर्गाने आपल्या व्यवसायाचे मूळ इतके मागे नेऊन जोडावे, ही गोष्टच बोलकी आहे. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सर्व लेखन एकाच टाकाने उतरल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. तेथील विषय बाळबोध ग्रंथलेखनाचा आहे, मोडी दफ्तराचा नव्हे. परंतु हा उपदेश प्रथम कोणास उद्देशून आहे हे पाहिले पाहिजे. समासाच्या आरंभीच ब्राह्मणाचा उल्लेख येतो.

दफ्तरातील शिक्षणाचे खरे माध्यम घर हे होते. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस, यांचा जन्म १७४२ चा. वडील जनार्दन बल्लाळ १७५६ मध्ये वारले, तेव्हा अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशी त्यांच्याकडे आली. चौदा वर्षांचा मुलगा एवढे दफ्तर सांभाळू शकतो असे मानले गेले, याचे कारण त्याचे घर आणि दफ्तर यांत फारसे अंतर नव्हते. घराबाहेरची मंडळीही वर येत असत. हरिपंत फडके नानांच्या हाताखालील कारकुनीतून पुढे सेनापतिपदापर्यंत पोहोचले. तथापि तेही अशाच मंडळींपैकी होते, की ज्यांना दफ्तराच्या बैठकीवर बसण्यास कोणी हरकत घेतली नसती. मुलगा, पुतण्या, भाचा, गावचा ओळखीचा अशा वर्तुळातूनच नवा माणूस येत असे. येथे कोणी नियम करून इतरांना वगळले नव्हते. तशी गरजच पडली नाही.

कचेरीतील बिनपगारी वर्षे

१८१८ नंतर कंपनी सरकारने दफ्तर मोडले नाही, त्यावर आपली कचेरी बसविली. कलेक्टर इंग्रज होता. शिरस्तेदार, मामलेदार, कारकून हे पूर्वीच्याच वर्गातील राहिले. वसुलाचे कागद मोडीत, इनामांच्या सनदा मोडीत, आणि ते वाचणारे हात मोजके. या कचेरीच्या पडवीत 'उमेदवार' बसू लागला. नकला करणे, दाखले शोधून काढणे, अव्वल कारकुनाची बैठी कामे उरकणे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणे हा त्याचा दिनक्रम. ही वर्षे बिनपगारी असत. त्यामुळे ज्याच्या घरी शेतीचे किंवा वतनाचे उत्पन्न आहे, अथवा ज्याचा आप्त शहरात नोकरीस आहे, त्यालाच ती परवडत. ज्याला परवडत नसत आणि तरीही जो बसून राही, त्याच्यापुढे पक्षकाराच्या चिरीमिरीचा मार्ग उघडा असे. कामाच्या शिस्तीबरोबर कामातील लबाडीचेही शिक्षण त्याच बैठकीवर होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जोतीराव फुले यांच्या लेखनात या कचेरीचे चित्र बाहेरून, दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या नजरेने येते. 'शेतकऱ्याचा असूड' मधील कामगारवर्गावरील टीका सुपरिचित आहे. त्याहून कमी लक्ष गेलेली गोष्ट त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी व बाळबोध अशा दोन्ही लिपींचे वाचन-लेखन आणि हिशेब यांचा समावेश केला. मोडीचा हा आग्रह वरवर साधा वाटतो. परंतु जी विद्या घरात आणि दफ्तरात मिळत होती, ती सरकारी खर्चाने शाळेत मिळावी, एवढा मोठा आशय त्यात होता. मोडी वाचता येणाऱ्या कुणब्याला आपल्या नावावर काय लिहिले आहे हे कळणार होते. कारकुनाची मक्तेदारी तेथे ढिली होणार होती.

कोल्हापूर : जागा आणि शिक्षण

छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, त्या वेळी कोल्हापूर दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्यात आल्या. १९१२ पर्यंत ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांची संख्या ३५ वर आली. या आकड्यांची चर्चा नेहमी होते. मात्र जागा राखली तरी काम शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न उरतच होता. लायक माणूस मिळत नाही, ही तक्रार आरक्षणाविरुद्ध तेव्हाही पुढे येत असे, आणि लायकी ज्या बैठकीवर बसून मिळवावयाची ती बैठक तक्रार करणाऱ्यांच्याच ताब्यात होती.

शाहू महाराजांचे १९१८ चे पाऊल या दृष्टीने अधिक मूलगामी मानावे लागते. त्या वर्षी त्यांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आणली आणि निरनिराळ्या जातींच्या, त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजाच्याही, तरुणांना त्या कामासाठी तयार केले. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरातून बाहेर आले. जी गोष्ट बापाकडून मुलाला मिळत होती ती अभ्यासक्रमाने शिकविता येते, हे यातून सिद्ध झाले. दफ्तराचे ज्ञान हा रक्तातला गुण नसून प्रशिक्षणाचा विषय आहे, असे राज्यसंस्थेने मान्य करण्याचे आपल्याकडील हे ठळक उदाहरण होय. वतनदारांनी त्यास कडवा विरोध केला, हे स्वाभाविकच होते.

बडोदे, १९१७

लिखित नियम अनुकूल असूनही अलिखित नियम माणसाला कसा बाहेर काढतो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण बडोदे संस्थानातील आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये अध्ययन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. त्यांचे वय तेव्हा २६ वर्षांचे होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करणे त्यांना बंधनकारक होते, आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून काम शिकू लागले. थोडक्यात, ते उमेदवारच होते. फरक इतकाच की त्यांच्या हाती राजाज्ञा होती आणि त्यांना वेतन मिळत होते.

नव्या माणसाने कचेरीत काम शिकावयाचे ते शेजारच्या मेजावरून. विचारावयाचे, कागद हातोहात घ्यावयाचा, दुपारी एकत्र पाणी प्यावयाचे, आणि या सहवासातून कोणत्या प्रकरणाला कोणती वाट आहे हे उमगत जावयाचे. आंबेडकरांसाठी यांतले काहीच उपलब्ध नव्हते. धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे की शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकीत आणि कचेरीत त्यांना पिण्यास पाणी मिळत नसे. शहरात राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. दुसरी कोठेही सोय न झाल्याने ते मुंबईस परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या कचेरीतील शिपायाचा हुद्दा आंबेडकरांहून कितीतरी खालचा होता. हुद्द्यांच्या लिखित उतरंडीत त्याने वरिष्ठाचा कागद अदबीने ठेवावयास हवा होता. परंतु मायन्याच्या काळापासून कचेरी आणि जातीची उतरंड एकत्रच शिकविली गेली होती, आणि या दोहोंत विरोध आला तेव्हा कोणती मोठी, हे त्या शिपायाला कोणी सांगावे लागले नाही.

कायद्यातील उमेदवार

दफ्तरी उमेदवारी अशी चालू असताना कारागिरीच्या उमेदवारीवर कंपनी सरकारने १८५० मध्येच पहिला कायदा केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व निर्धन मुलांना, करारपत्राने धंदा शिकण्यास बांधून देण्याची तरतूद त्यात होती. कचेरीत बसणाऱ्या उमेदवाराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. १९६१ च्या अधिनियमाने हा जुना कायदा रद्द केला आणि करार, विद्यावेतन व प्रशिक्षणाचा कालावधी यांची चौकट घालून दिली. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याचे कलम ३-अ समाविष्ट झाले, आणि पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही अधिनियमाच्या कक्षेत आले. जागेबरोबर शिकण्याची संधीही राखली पाहिजे, हा विचार येथे कायद्याच्या भाषेत उतरला.

या अधिनियमातील कलम १७ व कलम १८ शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. वर्तणूक व शिस्त यांबाबत शिकाऊ उमेदवारास आस्थापनेतील त्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांचेच नियम लागू होतील, असे कलम १७ सांगते. तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय, सबब कामगारविषयक कायदे त्यास लागू होणार नाहीत, असे कलम १८ सांगते. सुरक्षितता, अपघाताची भरपाई, कामाचे तास यांची स्वतंत्र तरतूद अधिनियमात आहे, हे खरे. तरीही शिस्तीपुरता कर्मचारी आणि हक्कांपुरता विद्यार्थी, अशी ही दुहेरी स्थिती आहे. जुन्या कचेरीतील उमेदवार तिला लगेच ओळखेल.

वर्तणुकीचे बंधन वरिष्ठांवरही असते आणि शिकणाऱ्यास त्याविरुद्ध दाद मागता येते, ही गोष्ट कायद्यात फार उशिरा आली. १९९७ च्या विशाखा खटल्यातील मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याच्या 'कर्मचारी' या व्याख्येत परिवीक्षाधीन, प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पगार मिळतो की नाही, यावर तेथे काही अवलंबून नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक मिळू लागले. विद्यार्थ्याला जागा शोधून देण्याचे काम बहुधा विभागातील प्राध्यापकांवर येते, आणि ती प्राध्यापकांच्या किंवा पालकांच्या ओळखीतून मिळते. ज्याच्या घरी ओळख नाही तो विद्यार्थी नोंदवही घेऊन विभागप्रमुखांच्या दारात थांबतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. मुदत आरंभी सहा महिन्यांची होती, ती पुढे पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. शासकीय कार्यालयांतही हे तरुण कामास लागले. नोकरीची हमी योजनेत नव्हती. मुदत संपत आली तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी सेवेत कायम करावे अशी मागणी शासनाकडे केली.